पूर, संप, आंदोलनं आणि कोकणातला कलावंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमन-खेळ्यांची, म्हणजे कोकणातल्या शिमग्यातल्या लोकनाट्याची मंडळं, जाखडीचे (गणपतीतल्या नाच-गाण्याचे) शाहीर, दशावतारात नुकतीच उभी राहू लागलेली पोरं, हौशी नाटकवाले आणि वाचनालयात वही घेऊन येणारे नवे कवी, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. कोरोनाची टाळेबंदी, २०२० च्या जूनमधलं निसर्ग वादळ, २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण-महाडला आलेला पूर, हे सारं दीड वर्षाच्या आत अंगावर आलं, तेव्हापासून तर जास्तच. मी मुख्यतः नमनाचे वग, म्हणजे त्यातलं गोष्टीचं नाट्य, लिहितो, त्यामुळे उत्तरांचा कल तिकडे झुकलेला आहे, हे धरून वाचावं.

गावावर संकट असताना कार्यक्रम करायचा की रद्द करायचा?

आधी आपल्या कार्यक्रमात देवाचं किती आणि करमणुकीचं किती, ते वेगळं काढा. नमन पुष्कळदा नवसाचं असतं. गण, देवाला आवाहन, मृदंगाची पहिली थाप हे त्या नवसाचं देणं झालं. गवळण, वग आणि रात्रभरची गंमत ही लोकांची. संकटाच्या वर्षी बहुतेक वाड्या आपोआप हीच विभागणी करतात. देवाचं तेवढं उरकतात आणि बाकीचं पुढच्या शिमग्यावर टाकतात. महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, त्या साली आमच्या बाजूला गणपतीपुढे भजन-आरती झाली, पण जाखडीच्या बाऱ्या (सामने) लावायचा विषयही कुणी काढला नाही. त्यासाठी बैठक घ्यावी लागली नव्हती.

हा निर्णय मंडळाने मुंबईत बसून घेऊ नये, एवढं मात्र नक्की. ज्या वाडीत खेळ व्हायचा तिथल्या मानकऱ्यांना आणि ज्यांच्या घरात माणूस गेलंय त्यांना विचारा. कधीकधी तेच म्हणतात, ‘करा हो, चार माणसं येतील तरी दारात.’ अशा वेळी रद्द करून बसण्यात आपला मोठेपणा दिसतो, त्यांची सोय नाही.

नमनात ताजा विषय नेमका कुठे घालायचा?

गवळणीत. वगात नाही.

कारण साधं आहे. वगाची गोष्ट पुढे सरकत असते, तिच्यात मध्येच पूर घुसवला की गोष्ट थांबते आणि भाषण सुरू होतं. गवळणीत गोष्ट जवळजवळ नसतेच. मथुरेच्या वाटेवर मावशी आणि गौळणी, आडवा आलेला कृष्ण, मध्ये लुडबुडणारा पेंद्या, एवढंच. ही जागा आपल्या पूर्वजांनी मुद्दाम मोकळी सोडल्यासारखी आहे. पुराच्या पुढच्या शिमग्याला आम्ही असं केलं होतं. कृष्ण नेहमीप्रमाणे दाण, म्हणजे वाटेची जकात, मागतो. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणते, ‘दाण कसला मागतोस रं? आदी माज्या घराचा पंचनामा झाला काय त्ये सांग. मडकी ग्येली व्हाऊन, दूद आणू कुटनं?’ पेंद्या विचारतो, ‘मावशे, साह्येब आला नव्हता?’ ‘आलंता ना. उंबऱ्यावरनंच फोटो काडलान् न् ग्येला. चिकलात बूट भरंल म्हून.’

मावशीचं बोलणं दोनदाच. पण मांडवात पहिल्या रांगेत गाळ उपसून उपसून हाताची सालटं गेलेल्या बायका बसलेल्या होत्या, त्यांचं हसू थांबेना. इथे एक बघा. विनोद पुरावर नाही, बुटावर आहे. आणि मावशीचं काम करणारा आमचा गडी ती ओळ संपल्यावर मृदंगवाल्याकडे बघून एक श्वास थांबतो, तो लिहिलेला नाही, त्याने तालमीत शोधलेला आहे. तुमची ओळ कितीही चांगली असली तरी ती म्हणणाऱ्याला दोन तालमींत थोडी मोडू द्या.

आणखी एक सूचना. ताजा विषय रात्रीत एकदाच. तिसऱ्यांदा पंचनाम्याचा विनोद आला की लोक चहाला उठतात.

दशावतारात संहिताच नसते, मग तिथे हे कसं जमतं?

उलट तिथेच जास्त जमतं. दशावतारी कंपनीत आख्यान कोणतं ते ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो, पण बोलणं ज्याचं त्याने रंगमंचावर उभं करायचं असतं. राजा दरबारात येतो आणि राज्याची खुशाली विचारतो, त्या एका प्रश्नात वादळ, महागाई, माकडांनी खाल्लेली बागायत, काय वाटेल ते बसतं. जाणता नट एका वाक्यात काम करून युद्धाकडे वळतो. नवखा तिथेच अर्धा तास रेंगाळतो.

शिवाय गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे जाहीरपणे मांडलेली गावाची विनवणी, आहेच. ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात झाली आणि प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ मिळाली की गावाचं त्या वर्षाचं दुखणं त्यात आल्याशिवाय राहत नाही. २०२१ मध्ये आंगणेवाडीची जत्रा कोरोनामुळे आंगणे कुटुंबीयांपुरतीच झाली, बाहेरच्या भाविकांना येऊ नका असं सांगावं लागलं. अशा वर्षी गाऱ्हाण्यात काय मागायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या वर्षाचं कोकणातलं सर्वांत खरं साहित्य गाऱ्हाण्यांत होतं, असं माझं मत आहे, आणि त्यातलं फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही याचं वाईट वाटतं.

पुराणातली गोष्ट घेऊन आजच्या सत्तेवर बोलता येतं का? ते जुनं झालं नाही का?

मराठी रंगभूमीवरचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चं. १९०७ साली नाटक आलं. विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक, भीम, सगळी मंडळी महाभारतातली. पण प्रेक्षकांनी कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन बघितला, द्रौपदीत देश बघितला आणि भीमात जहाल पक्ष. टिळक तेव्हा आपल्यातच होते, पुढच्याच वर्षी मंडालेला गेले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. सरकारला कळलं, प्रेक्षकाला कळलं आणि संहितेत कर्झनचं नावही नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाटककाराला मिळत नाही.

पण आज हे करताना एक धोका असतो. नमनातल्या संकासुर राक्षसाच्या तोंडी सरळ एखाद्या पुढाऱ्याची लकब आणि घोषणा घातली की कोडं पहिल्याच मिनिटात सुटतं आणि उरलेली रात्र लोक मोबाईल बघतात. पात्राला आधी पुराणातलं राहू द्या. सारखेपणा शोधायचं काम प्रेक्षकाचं, तो ते हौसेने करतो. शिवाय गावातल्या जिवंत माणसाची नक्कल करू नये. उद्या सकाळी त्याच्याच दुकानातून तेल-मीठ आणायचंय.

संकट आलं की लगेच लिहावं की थांबावं?

लगेच काय लिहायचं आणि थांबून काय लिहायचं, हे वेगळं आहे.

वर्तमानपत्रातला लेख, पत्रक, पोवाडा, जाखडीचं गाणं हे ताजंच हवं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ च्या २० मार्चला झाला आणि ३ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक बाहेर पडला. पंधरा दिवसही मध्ये गेले नाहीत. महाडात काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगणं तेव्हाच गरजेचं होतं. नाहीतर दुसऱ्यांनी आपल्या सोयीने सांगितलं असतं.

कथा-कादंबरीचं तसं नसतं. खोतीचंच घ्या, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीचं. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा चालवला. मधल्या काळात, १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा यायला १९४९ उजाडलं. आणि श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ छापून आली १९८७ मध्ये. खोती जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाल्यावर. एवढा वेळ गेल्यामुळेच त्यांना खोत नुसता जुलमी म्हणून रंगवावा लागला नाही. पिढ्यांमागून पिढ्या घर कसं चढतं आणि कसं पोखरतं हे दाखवता आलं. चरीच्या शेतकऱ्याला मात्र १९३४ मध्ये या कादंबरीचा काही उपयोग नव्हता. त्याला गाणं हवं होतं, सभा हवी होती.

मुंबईच्या गिरणी संपाचंही तेच. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कोकणात त्याचा अर्थ काय होता हे ज्यांच्या घरी मनिऑर्डर येत होती त्यांना सांगायला नको. पोस्टमन दारावरून पुढे जायला लागला. पण त्या पडझडीचं नाटक, जयंत पवारांचं ‘अधांतर’, १९९७ मध्ये आलं. त्यात मोर्चा नाही, गेटवरची घोषणाबाजी नाही. चाळीतली एक खोली आहे आणि संपानंतर त्या खोलीतल्या माणसांचं काय झालं ते आहे.

म्हणून नव्या लेखकांना मी सांगतो, रचना सावकाश करा, नोंद आजच करा. पाणी भिंतीवर कुठवर चढलं ती खूण, मेणबत्ती कितीला विकली गेली, कोण कुणाच्या गच्चीवर दोन रात्री राहिलं आणि ते एरवी एकमेकांशी बोलत नव्हते का, पहिली मदतीची गाडी कुठून आली आणि तिच्यात काय होतं. वीस वर्षांनी ‘पाणी खूप होतं’ एवढंच आठवतं. मेणबत्तीचा भाव आठवत नाही, आणि गोष्ट नेमकी तिथे असते.

संकटाच्या काळात दुसऱ्याच विषयावर लिहिलं तर ते पळून जाणं होतं का?

पालगडचे साने गुरुजी सत्याग्रहात नाशिकच्या तुरुंगात होते, तेव्हा १९३३ मध्ये त्यांनी लिहिली ‘श्यामची आई’. देशात चळवळ पेटलेली आणि हा माणूस कोठडीत बसून आईच्या आठवणी लिहितोय. त्याला पळ काढणं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

आपल्याच समाजातला तणाव, आपल्याच गावातली दंगल, यावर लिहावं का?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची, कोकणातल्याच एका गावाची, हिंदू-मुसलमान आणि जातीजातींच्या जुन्या रागाला ठिणगी कशी लागते त्याची. बऱ्याच काळाने गावी परतलेल्या माणसाच्या नजरेतून ती येते. निवेदकाला सगळे ओळखतात आणि तरी तो कुणाचाच पुरता नाही. गावच्या भांडणावर लिहायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. कुणाची बाजू चूक हे तिथे उभं राहून सांगावं लागत नाही, दिसतं.

दलवाईंनी पुस्तकावर भागवलं नाही. १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा तलाकविरोधात मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या समाजात मोजली. पंचेचाळिशीही गाठली नाही त्यांनी. तेव्हा लिहावं का, तर लिहावं, पण वस्तीतल्या कुणाला ओळख पटून त्रास होईल असे तपशील बदलून. आणि छापायच्या आधी दुसऱ्या बाजूच्या एका शहाण्या माणसाला वाचायला देऊन.

प्रकल्पाच्या आंदोलनात मंडळाने बाजू घ्यावी का?

गुहागरने नव्वदच्या दशकात एन्रॉनचा वीजप्रकल्प बघितला. राजापूरने आधी नाणारच्या रिफायनरीचा वाद आणि मग २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच कामासाठी बारसूच्या सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) माती परीक्षण, पोलीस बंदोबस्त आणि त्यापुढे कातळावर बसलेल्या बायका बघितल्या. ज्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं आणि जनावरं कोरून ठेवली, जी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तिथेच हे चाललेलं. लेखकाला याहून जास्त सामग्री काय पाहिजे?

अडचण सामग्रीची नसते, मंडळाची असते. एकाच नमनात मृदंगवाल्याने जमीन दिलेली असते आणि गण म्हणणाऱ्याने दिलेली नसते. मंडळाच्या नावाने पत्रक निघालं की पुढच्या शिमग्याला दोन मंडळं उभी राहतात आणि दोघांकडेही धड मृदंग नसतो. माझं मत असं की मंडळाने मंडळ म्हणून बाजू घेऊ नये. लेखकाने, शाहिराने आपल्या स्वतःच्या नावाने खुशाल घ्यावी, सभेत जावं, सही करावी.

वग लिहाल तेव्हा जमीन विकणाऱ्याला खलनायक करू नका. तो वग सोपा होतो आणि खोटा होतो. त्याची मुलगी मुंबईत नर्सिंगला आहे, फी भरायचीय, आंब्याला दोन वर्षं मोहोर नीट धरलेला नाही, आणि समोर चेक आहे. त्याला रंगमंचावर हे सगळं बोलू द्या. मग न विकणाऱ्याच्या तोंडी तितकंच तोलामोलाचं उत्तर घाला. लिहायला बसलात की कळेल, दुसरं जास्त कठीण आहे.

चाकरमान्यांसाठी मुंबईत प्रयोग करताना तोच मजकूर चालतो का?

बराचसा चालतो. परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षं नमनं आणि शक्ती-तुऱ्याचे (जाखडीचे) सामने झाले, तिथला प्रेक्षक गावच्याच माणसांचा. फरक असा की मुंबईत बसलेल्याला गावच्या संकटात अपराधी वाटत असतं, कारण तो तिथे नव्हता. २०२० च्या गणपतीत ई-पास काढून, शाळेत किंवा पडवीत वेगळं राहून घरी गेलेल्यांना तर गावाने दारात थांबवलं याचाही सल आहे. गावात ज्या ओळीवर हशा येतो तिथे मुंबईत एकदम शांतता होते. त्याला घाबरू नका, ओळ बदलूही नका.

पुराचे, दरडीचे व्हिडिओ मागच्या पडद्यावर दाखवावेत का?

नको. सगळ्यांनी बघितलेत. आणि त्यात कुणाचं तरी माणूस असतं.

मदतनिधीचा कार्यक्रम लावायचा आहे, काय सांभाळायचं?

हिशोब. बाकी सगळं दुय्यम आहे.

तिकीट किंवा देणगी किती जमली, हॉलचं भाडं, साउंड, गाडी किती गेली, उरलं किती आणि ते कुणाला दिलं, हे कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला लावा. कलाकारांनी मानधन घेतलं असेल तर तेही लिहा, त्यात लाज नाही. मदतीच्या कार्यक्रमात फुकट नाचलेला पोरगा दुसऱ्या दिवशी उसने पैसे मागताना दिसला तर ते जास्त लाजिरवाणं. शक्यतो आकडा कार्यक्रमातच जाहीर करा, पण घेणाऱ्याला रंगमंचावर उभं करू नका. हार, फोटो, मोठा दाखवायचा चेक, यातलं काही नको. शिमगा सरला तरी कवित्व उरतं, हे पैशाच्या बाबतीत फार खरं आहे.

सगळं बंद पडतं तेव्हा कलावंताने खायचं काय?

लोकांना दिलासा द्यायचं काम ज्याच्याकडे, त्याचा धंदा पहिला बंद होतो आणि शेवटी सुरू होतो. राज्यातली नाट्यगृहं २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. दशावताराचा हंगाम कार्तिकापासून मृगापर्यंतचा. त्यातले चैत्र-वैशाखाचे कमाईचे महिने लागोपाठ दोन वर्षं गेले. नमनातल्या बहुतेकांची शेती, रिक्षा, नोकरी असते, ते तगले. पूर्णवेळ दशावतारी नटाला तसं काही नसतं. काहींनी मासे विकले, काही काजूच्या कारखान्यात गेले, आणि त्यातले सगळे परत आले नाहीत.

सरकारी आधार म्हणून ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधनाची योजना आहे, आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते आणि महिना ५ हजार रुपये मिळतात. वयाची पन्नाशी पूर्ण लागते, आणि कलेतल्या कामाचे पुरावे लागतात. आपले लोक अडतात ते पुराव्यांवर. चाळीस वर्षं संकासूर नाचलेल्या माणसाकडे एक फोटो नसतो. म्हणून मंडळांनी आजच कामाला लागावं. प्रत्येक प्रयोगाची हस्तपत्रिका, बातमीचं कात्रण, नाव आणि तारीख असलेला फोटो, मंडळाच्या लेटरहेडवर दरवर्षी एक दाखला, हे प्रत्येकाच्या नावाने फाईलला लावा. कवितासंग्रहाचं प्रकाशन एक वर्ष पुढे ढकललं तरी चालेल, हे आधी.

पुरात पुस्तकं, संहिता आणि वाद्यं भिजली तर काय करायचं?

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात आणि पुन्हा २०२१ च्या पुरात तिथे पाणी शिरलं आणि दोन्ही वेळा लोक उभे राहिले. तेव्हा हताश होऊ नका, पण घाईही करू नका.

भिजलेलं पुस्तक उघडायला जाऊ नका, पानं फाटतात. बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने काढा, पुस्तक पंख्याखाली उभं करा आणि पानं आपण होऊन सुटू लागली की मध्ये साधा कागद घाला. वर्तमानपत्राची शाई उतरते, ते पानांत घालू नका, खाली पसरायला वापरा. कागद ओला झाला की बदला. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक एकदा चिकटले की चिकटले, त्यांच्यावर वेळ घालवू नका. उन्हात काहीही वाळवू नका.

मृदंगाच्या वाद्या सैल करून सावलीत ठेवा. पुडी गेली असेल तर नवी पडते, खोड फुटलं तर मात्र गेलं. पेटीत पाणी शिरलं असेल तर वाजवून बघायचा मोह टाळा, आतले सूर गंजतात आणि लाकूड फुगतं. उघडून ठेवा आणि कारागिराकडे न्या.

वगाच्या वह्या बॉलपेनने लिहिलेल्या असतील तर अक्षर बहुधा वाचतं. जेलपेनचं पुष्कळदा निळं पाणी होतं. वही गेलीच असेल तर ज्याने तो वग दहा वर्षं केला त्या म्हाताऱ्याला गाठा, त्याला चहा द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. तो मूळ संहितेपेक्षा जास्त सांगेल, त्यातलं काय ठेवायचं ते नंतर ठरवा. आणि या वेळी पानापानाचे फोटो काढून मुंबईच्या दोघातिघांना पाठवून ठेवा.